मास्तरांची संथ रेकॉर्ड

रविवार, ४ मार्च

झोप लागली! व्याह्यांकडे पहिलंच खास बोलावणं, आणि मी खुर्चीतच गार. घोरलो का विचारलं, तर मास्तर म्हणाले, "नाही." आता हा माणूस शब्द जपून वापरणारा. माझ्यासाठी एक खोटा कशाला खर्च करील? म्हणजे नसेन घोरलो.

मास्तर म्हणजे लेकीचे होणारे सासरे. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि तिच्या मागोमाग यांचं बोलणं गेलं. विचारलं तर उत्तर देतात, आपणहून काही नाही. फक्त रविवारी दुपारी एक रेकॉर्ड लावतात. एकच, ठरलेली. दोन्ही बाजू, आणि मधे कुणी बोलायचं नाही. पोटच्या पोरालाही बसवत नाहीत. आणि मला बोलावणं! जावयाने (लग्न व्हायचंय अजून, पण मी आतापासूनच जावई म्हणतो आणि तोही ओ देतो) फोनवर सांगितलं, "बाबांचा जीव आहे त्या रेकॉर्डमध्ये. तुम्हाला बोलावलं म्हणजे..." 

रेकॉर्ड जगप्रसिद्ध आहे म्हणे. परदेशी, लांब केसवाल्या चार पोरांची. पोरं कसली, आता माझ्याहून म्हातारी असतील. रॉकच, पण साधं नव्हे — 'प्रोग्रेसिव्ह'. लेकीने समजावलं. मला कळलं ते असं: गाणं झटकन संपलं तर ते पोराटोरांचं, अख्खी बाजूभर चाललं तर विद्वानांचं. कव्हरवर समुद्रात कंबरभर पाण्यात उभं एक लाकडी कपाट. दार उघडं. आत एक कोट टांगलेला, कोरडा ठणठणीत. त्या कोटाकडे बघता बघताच डोळा लागला माझा.

आता खरी गोष्ट. जावयाला नोकरी आलीय — लांब, दोन समुद्र ओलांडून. लेकीलाही तिथल्या प्रयोगशाळेत जागा मिळतेय. एप्रिल संपायच्या आत होय-नाही कळवायचं. जावई म्हणतो, बाबा जरा माणसांत आले तर जाऊ, नाहीतर नाही. सगळे मास्तरांच्या तोंडाकडे बघत बसलेत — उघडतंय का! लेक मला म्हणते, "बाबा, तुम्ही दगडालाही बोलतं करता. बघा ना."

बघतो म्हटलं. पण मनात काय आलं ते इथे लिहितो, दुसरीकडे लिहायची सोय नाही. मास्तर असेच गप्प राहिले तर लेक इथेच राहील.

सोमवार, ५ मार्च

झोपेत ऐकलेलं जास्त ऐकू येतं की काय? दिवसभर ते डोक्यात आहे. सुरुवातीला एक ऑर्गन, एकच सूर धरून बसलेला. त्याच्यावर बासरी येते ती इतकी सावकाश की वाटतं ओल्या फरशीवरून कुणी अनवाणी चाललंय. मग ढोल सुरू होतो, आणि तो सरळ चालत नाही. दर फेरीला एक पाऊल कमी! एक सिलेंडर बंद पडलेलं इंजिन असंच चालतं. आमच्या मोटर-दुरुस्तीच्या कारखान्यात असं मशीन आलं तर मी खोलून बघतो. लोक टाळ्या वाजवतात.

संध्याकाळी लेक: "आवडली ना?"

"निम्मी."

"निम्मी काय, बाबा! कापड आहे का?"

"पहिली बाजू आवडली. दुसऱ्या बाजूला ती गिटार... सांगायचं ते सांगून झालं तरी उठत नाही, असा पाहुणा असतो ना?"

"मास्तरांना असलं काही बोलू नका हं! आवडली म्हणा."

अख्खं आयुष्य माल विकण्यात गेलं. जळकी मोटर नव्यासारखी आहे म्हणून पटवली असेल मी कुणाला. पण आवाजाबद्दल खोटं बोलवत नाही. जीभ अडते. मोटरच्या आवाजावरच तर भाकरी मिळवली.

रविवार, ११ मार्च

आज जागा राहिलो. म्हणजे जागा असं म्हणायचं — डोळे उघडे होते.

मास्तरांची बाहेरची खोली लहान. खिडकीला पांढरा पडदा, त्यातून येणारं ऊन दुधासारखं. एक लांब टेबल, त्यावर वाळलेले ब्रश बरणीत उभे. भिंतीवर एकही चित्र नाही! चित्रकलेच्या मास्तराच्या भिंतीवर नुसते खिळे. मी विचारलं नाही. दोन खुर्च्या. एकीवर मास्तर, दुसरीवर मी. ही दुसरी मास्तरीणबाईंची असणार, कारण बसल्यावर मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

आत जुना फ्रिज गुणगुणत होता. रेकॉर्डवरचा ऑर्गन सुरू झाला तो थेट त्या गुणगुणीच्या सुरात. दोन्ही एकमेकांत विरघळले. कुठे फ्रिज संपला आणि कुठे ऑर्गन सुरू झाला, कळेना. माझ्या कानांना कळेना म्हणजे बघा! घरच चालू झाल्यासारखं वाटलं. खुर्ची, टेबल, बरणी, सगळं एका सुरात तरंगायला लागलं आणि पडद्यापलीकडे रस्ता नसून पाणी आहे अशी माझी खात्री पटली. मी माझ्या पहिल्या पत्र्याच्या शेडमध्ये होतो. पंखे दुरुस्त करायचो तिथे. तांब्याच्या तारेचं एक रीळ हातातून सुटलं आणि उलगडत उलगडत पाण्यात गेलं, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. तांबं गेलं आणि मला काही वाटलं नाही! मी!

गाणारा फार दमलेला माणूस वाटतो. प्रत्येक शब्द उचलून ठेवतो. त्यांची भाषा मला कॅटलॉग वाचण्यापुरती येते, त्यामुळे काय दुःख आहे ते कळलं नाही. पण दुःख खानदानी आहे.

आणि तरीही — दुसरी बाजू! कशाला हवी? जिथे संपायला हवं तिथून पुढे आणखी तेवढंच. मोठं असण्याची हौस. मला असली माणसं माहीत आहेत.

निघताना मास्तर म्हणाले, "पुढच्या रविवारी?"

आपणहून! मी न विचारता! जावयाला फोन केला तर त्याने सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "खरंच?"

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे पोरं जाणार." आणि कपाट आवरायला लागली. आवरलेलंच कपाट.

बुधवार, १४ मार्च

सापडलं! सापडलं!

लेक जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात आली. मी म्हटलं, ती रेकॉर्ड तुझ्या फोनवर आहे का? ऐकव. तिने लावली. आमच्याकडे कोपऱ्यात मोठा ट्रान्सफॉर्मर आहे, दिवसभर एका सुरात गुणगुणतो. तीस वर्षं त्या सुरात राहतोय. आमच्या घरची अंगाईच म्हणा. मास्तरांचा फ्रिज त्याच सुरात गुणगुणतो, वीज एकच ना! म्हणजे ऑर्गन इथेही ट्रान्सफॉर्मरमध्ये विरघळायला हवा.

विरघळेना! ऑर्गन एक पायरी वर. आणि दोघांचं असं भांडण लागलं की दात आंबले.

"तुझा फोन भरभर चालतोय," मी म्हटलं.

"फोन कसा भरभर चालेल, बाबा?"

खरंच, कसा चालेल? मग? मग मास्तरांचं मशीन हळू चालतंय! रबरी पट्टा सैल पडला असणार, थाळीखालच्या दांड्याचं तेल वाळून गोंद झालं असणार. वर्षानुवर्षं हळूहळू मंदावत गेलं, आणि रोजच्या माणसाला कळलं नाही. रोजच्या माणसाला कधीच कळत नाही.

म्हणजे तो गाणारा दमलेला नाही! ती बासरीही धडधाकट आहे! आणि दुसरी बाजू लांबते त्यालाही कारण आहे!

कॅप्टनला सांगितलं. कॅप्टन आमचा सगळ्यात जुना कारागीर, तार गुंडाळता गुंडाळताच म्हातारा झाला. म्हणाला, "शेठ, जगाने वाखाणलेल्या गाण्यातही बिघाड काढलात. आता झोप लागेल तुम्हाला."

रविवार, १८ मार्च

खिशात नवा पट्टा आणि तेलाची बारकी कुपी घेऊन गेलो. नवरदेवासारखा.

मास्तर चहा करायला आत गेले. थाळी उचलली. जे वाटलं तेच. पट्टा पावाच्या लगद्यासारखा मऊ, दांड्यावर काळा चिकटा. पुसलं, तेलाचा थेंब दिला, पट्टा चढवला, बोटाने फिरवून बघितलं. लोण्यासारखी फिरली. चहा यायच्या आत सगळं जिथल्या तिथे. सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. त्यांनी ऐकावं आणि चकित व्हावं!

लावली. फोनवरच्यासारखी अचूक. गाणारा एकदम तरुण — पंचविशीचा पोरगा, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा. ढोलही बरोबर लागला कानाला. एक पाऊल कमी नाही, मुद्दाम उचललेलं पाऊल आहे ते, आता कळलं. सगळं स्वच्छ. ऑर्गन मात्र फ्रिजपासून वेगळा, फटकून. मी मनातल्या मनात म्हटलं, सवय होईल.

बाजू संपली तेव्हा ऊन टेबलावर बरणीच्या बोटभर अलीकडेच होतं. एरवी बरणीपर्यंत पोचतं.

मास्तरांनी विचारलं, "काही केलंत?"

सांगितलं. खुशीत सांगितलं, पट्टाही दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, ताणून बघितला. "बरं झालं," म्हणाले.

दुसरी बाजू लावली नाही. मी म्हटलं, दमले असतील.

सोमवार, १९ मार्च

ही विचारते, एवढं काय शीळ घालताय? म्हटलं, व्याह्यांचं काम केलं. फुकट!

रविवार, २५ मार्च

"आज नको," म्हणाले मास्तर फोनवर. फक्त तेवढंच.

संध्याकाळी लेक आली. दारातच: "बाबा, काय केलंत तुम्ही?"

आठवडाभर मास्तर नीट जेवलेले नाहीत. आज दुपारी रेकॉर्ड लावली नाही. मशीनवर चादर घातलीय. बाई गेल्यापासून एकही रविवार चुकला नव्हता. जावयाने विचारलं तर म्हणाले, "ठीक आहे." आणि भिंतीकडे बघत बसले, खिळ्यांकडे.

मी म्हटलं, "मशीन बिघडलं होतं, नीट केलं. आता अगदी—"

"त्यांनी नीट करा म्हटलं होतं का?"

ही स्वयंपाकघरातून: "अहो, मोटर नाहीये ती, व्याही आहे! जिथे जाल तिथे खोलून बघायचं. माझ्या भावाचा दमा तेवढा राहिलाय, त्यालाही द्या तेल!"

हसू आलं नाही कुणालाच. हिलासुद्धा.

मंगळवार, २७ मार्च

जावई नाही कळवायचं म्हणतोय. लेकीने अडवून धरलंय — एप्रिलअखेरपर्यंत थांब, मग कळव. त्याचं बरोबर आहे. अशा बापाला सोडून कसा जाईल?

म्हणजे लेक इथेच. मनात जे आलं होतं तेच झालं, तेही माझ्याच हातून, आणि कुणी मला बोल लावला तरी कुणाला माझ्या मनातलं माहीत नाही. देव जेव्हा द्यायला बसतो तेव्हा असा देतो!

आज लेक समोर बसून चहा पीत होती. "जाऊ दे हो बाबा, इथे काय वाईट आहे," म्हणाली. लहानपणी पडली की असंच म्हणायची. लागलं नाही, लागलं नाही — आणि ओठ दातांत.

शुक्रवार, ३० मार्च

दुपारी कारखान्यात आडवा झालो होतो. अर्धवट झोप. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता आणि त्यात मला ऑर्गन ऐकू आला. जुना, संथ. कपाट दिसलं पाण्यात. कोटाच्या बाहीतून कुणीतरी हात बाहेर काढत होतं, अगदी सावकाश, काही घाई नाही. जागा झालो तर डोळे ओले.

लिहूनच टाकतो. मला ती चुकीचीच आवडत होती. बरोबर वेगातली चांगली आहे, हुशार आहे, जगाने वाखाणली ते योग्यच. पण माझं तांब्याचं रीळ तिच्यात सुटत नाही.

मग मास्तरांचं काय सुटलं असेल!

मंगळवार, ३ एप्रिल

मशीन बिघडवायला बसलोय. तीस वर्षांत पहिल्यांदा.

सोपं नाही! जुना पट्टा परत घातला तर आज हळू, उद्या आणखी हळू, परवा तुटेल. बिघाड पक्का हवा. रोज तेवढाच. म्हणून मोटरवरची पुलीच वेगळी करतोय. मोटरवरची ही छोटी चकती जितकी बारीक, तितकी थाळी संथ फिरते. पितळेचा तुकडा लेथवर धरला. मधे किंचित फुगीर ठेवावी लागते, नाहीतर पट्टा घसरून पळतो. माप रविवारी फोन करून जावयाकडून घेतलं. मास्तर बाहेर फिरायला गेले होते.

किती बारीक? ते माझ्या कानात आहे. ट्रान्सफॉर्मर आहे तोवर चुकायचं नाही. मापात नखाएवढा फरक पडला तरी ऑर्गन फ्रिजशी भांडेल. म्हणून तीन केल्या, एकीपेक्षा दुसरी केसभर लहान.

कॅप्टन बघत उभा. "शेठ, गिऱ्हाइकाने काय तक्रार केली?"

"नीट चालतंय म्हणून."

कॅप्टनने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "अशी गिऱ्हाइकं वाढली तर आपण संपलो."

काम चालू असताना एकदा हात थांबला. ही पुली बसली, मास्तर सावरले, तर पोरं जातील. माझ्याच हाताने मी लेकीला दोन समुद्रांपलीकडे पाठवतोय. लेथ रिकामाच फिरत राहिला थोडा वेळ. मग पुढचा कट घेतला.

रविवार, ८ एप्रिल

न बोलावता गेलो. मास्तरांनी दार उघडलं, बाजूला झाले. मी म्हटलं, "मास्तर, माझ्या हातून चूक झाली. दुरुस्त करायला आलोय. म्हणजे नादुरुस्त करायला."

चादर काढली. यावेळी त्यांच्यासमोर काम केलं, प्रत्येक स्क्रू दाखवून. ते शेजारी उभे, हात मागे बांधून. शाळेत पोरांच्या वह्या बघत असे उभे राहत असतील. पहिली पुली लावली — ऑर्गन खाली आला, पण अजून फ्रिजच्या जरा वरच. दुसरी लावली आणि सुई टेकली...

आतला फ्रिज आणि ऑर्गन, एक! पुन्हा विरघळले. मला तर सुटका झाल्यासारखं वाटलं. पडद्यामागे पाणी आलं. दमलेला माणूस पुन्हा आपले शब्द एकेक उचलून ठेवायला लागला.

मी मास्तरांकडे बघितलं. ते रेकॉर्ड ऐकत नव्हते. माझ्याकडे बघत होते!

"तुम्हाला अशी आवडते?" त्यांनी विचारलं. गाणं चालू असताना! मधे न बोलण्याचा नियम त्यांचाच.

"अशीच," मी म्हटलं. "दुसरी बाजू जरा लांबते. पण अशीच."

"हं," म्हणाले. दोन्ही बाजू ऐकल्या आम्ही. ऊन बरणीपर्यंत चढलं, पलीकडे उतरलं. निघताना माझा हात हातात घेतला त्यांनी, धरून ठेवला. 

जावयाला काय सांगू? बसली की नाही बसली, मलाच कळलेलं नाही. मोटर असती तर कानाला लावून सांगितलं असतं.

शनिवार, १४ एप्रिल

सकाळी मास्तर स्वतः कारखान्यात आले. काखेत रेकॉर्ड, मागे रिक्षात मशीन. माझ्या टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलले, एका दमात — "ही मला कधीच आवडली नाही हो. तिची होती. ती गेल्यावर बंद कशी करायची? हळू चालायची तोवर डोळे मिटून वेळ निघायचा. तुम्ही नीट केलीत, आणि पहिल्या मिनिटात जुना कंटाळा जसाच्या तसा परत आला. तिच्यासमोर यायचा तोच. लाज वाटली, म्हणून झाकून ठेवली. तुम्हाला आवडते, तुम्ही ठेवा. पोराला सांगितलंय, जा म्हणून. काल कळवलंही त्याने."

लेक चालली तर!

ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. मी खुर्ची पुसून पुढे केली. म्हटलं, "मग मास्तर, रविवारी आता आपण करायचं काय?"

"बोलू की," म्हणाले, आणि बसले.